नववं माणूस

मुंबईत तीन दिवस राहायचं आणि तिथूनच जहाजानं गोव्याला जाऊन परत यायचं, ही कल्पना माझ्या भावाची. तो चंद्रपुरात नोकरीला, मी पोंभुर्ण्यात शाळेवर. सहल ठरवायला दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही त्याच्या घरी जमलो. त्याच्या घरचे चौघं, माझ्या घरचे चौघं, आणि माझ्याजवळ राहणारी आमची आई. आईनं आल्या आल्या वहिनीला विचारलं, "जहाजात लुगडं चालते ना वं?" वहिनी नुसती हसली.

भावानं टीव्हीवर जहाजाचा व्हिडिओ लावला. पोहण्याचा तलाव झाला, नाचगाणी झाली, मग जेवणाचं दालन आलं. टेबलांवर अर्धवट खाल्लेल्या ताटांच्या चवडी. एक बाप्या चॉकलेटच्या कारंज्यात बोट बुडवून चाटत होता आणि तेच बोट पुन्हा बुडवत होता. मी तोंड फिरवलं. पोरं मात्र टाळ्या पिटत होती. जायला मीही उतावळीच होते, ते कशाला लपवू.

आई वहिनीबरोबर मागच्या अंगणात गेली तसा भाऊ आवाज उतरवून म्हणाला, "एका खोलीत चौघंच राह्यतात. आपण आठ. दोन खोल्या बरोबर होते."

"अन् आई?"

"नवव्या माणसासाठी तिसरी खोली कुठी घेतं? तिले तिथी करमणार हाय का? दिवसभर तंबाखू मळत बसन. लोकं पाहतीन."

हे बोलताना त्यानं नाक मुरडलं. ज्या आईनं शेण काढता काढता त्याला इंजिनीअर केलं, तिच्यासाठी. माझ्या अंगावर शिसारी आली. तो पुढं म्हणाला, "सरळ नाई म्हटलं त रडत बसन. तू सांग का डॉक्टरनं मनाई केली. छाती कमजोर हाय म्हणा. तुयं ऐकते ते."

माझा नवरा चपलेचा अंगठा पाहत राहिला. मी म्हणाले, "दादा, असं कसं?" एवढंच. मग मान हलवली.

खोटं बोलणं मला वाटलं त्याहून सोपं गेलं. आईला मागं ताप आला होता तेव्हा तपासण्या झाल्या होत्या. त्याच कागदांचं नाव पुढं केलं. ती म्हणाली, "बरं झालं आधीच समजलं. तिथी पाण्यात काई झालं असतं त तुमाले तरास." आणि पेटीतली नवी शाल काढून मला दिली. "तिथी वारा राह्यते म्हणते."

मी ती शाल घेतली. आजही त्या शालीला हात लागला की हात धुवावासा वाटतो.

दुसऱ्या दिवसापासून आईनं मीठ सोडलं. परसातली वांगी निंदायला जायची ती थांबली. विहारात जाणं थांबलं, कारण वाटेत चढ आहे. छातीवर तळहात ठेवून ती खाटेवर बसून राहायची. शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "माया आता काई भरवसा नाई." महिनाभरात तिची पोलकी ढिली पडली. मी रोज शाळेत जात होते, मुलांना खरं बोलावं म्हणून शिकवत होते, आणि संध्याकाळी मुलींबरोबर जहाजात घालायचे कपडे निवडत होते.

मग एका सकाळी ती न्हाणीतून येताना खाली बसली. म्हणाली, "धडधडून राह्यलं." मी घाबरले. तिला चंद्रपूरला नेलं, छातीची ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टर पट्टी पाहून म्हणाले, "आजी, हृदय ठणठणीत आहे. अशक्तपणा आहे, नीट जेवा."

"मंग पहिल्या डॉक्टरनं काऊन मनाई केली? जहाजात बसू नोका म्हणून?"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "कोणत्या डॉक्टरांनी?"

आईनंही माझ्याकडं पाहिलं.

बाहेरच्या बाकावर मी सगळं सांगून टाकलं. शेवटी तिनं विचारलं, "दादाले मालूम हाय?"

"त्यानंच सांगितलं होतं."

"अन् बोलली तू." ती म्हणाली, "जागा नाई म्हटलं असतं त मी रडणार होती का? महिनाभर मी मराची तयारी करून राह्यली होती."

घरी येऊन मी भावाला फोन केला, सहलीतून माझं नाव काढ म्हणाले. आधी तो चिडला. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला, मी स्पीकरवर घेतला. "चाल बरं झालं, तुयी जागा खाली झाली. आईलेच पाठवून दे."

त्याला यात काही वावगं वाटलंच नव्हतं. आईनं माझ्या हातातून फोन घेतला. "मी का उष्टं हाव का रे?" म्हणाली आणि फोन परत दिला.

बाकीचे सगळे गेले. माझा नवरा गेला, मुलीही गेल्या, कारण त्यांचं सामान भरून झालं होतं. ताटांचे फोटो येत राहिले. मी उघडले नाहीत.

आई आता जेवते, परसात जाते. विहारात जाते ती शेजारणीबरोबर, मला बोलावत नाही. कधी ती गप्प बसलेली दिसली की मी विचारते, "आई, बरं नाई का वाटत?"

"तूच सांग," ती म्हणते, "मले काय झालं ते."