अजून जरा गावठी

“अजून जरा गावठी कर,” असं मला पहिल्यांदा सांगण्यात आलं तेव्हा मला वाटलं, आवाज वाढवायला सांगताहेत. मी आवाज वाढवला. तालमीला बसलेले सगळे खूश झाले. “बघा, जमतंय तिला,” कुणीतरी म्हणालं.

मी परभणीकडच्या एका खेड्यातली. दिल्लीत आले ती स्पर्धा परीक्षेसाठी. करोल बागेत चौघींनी मिळून घेतलेल्या खोलीत राहायचे. त्या वर्षीची पूर्वपरीक्षा देऊन झाली होती, निकाल लागायचा होता, आणि ऊन असं की दुपारी भिंतीला पाठ टेकवली तरी चटका बसायचा. तेवढ्यात आमच्या मराठी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मेसेज आला. गाझियाबादच्या एका मराठी मंडळाला उन्हाळी महोत्सवातल्या नाटकासाठी कलाकार हवे होते. शहरात वेगवेगळ्या प्रांतांचे लोक राहतात, त्यांची मंडळं मिळून सुट्टीत हा महोत्सव करायची. कुणी नाटक करायचं, कुणी नाच बसवायचं. मी कॉलेजात असताना युवक महोत्सवात एकांकिका केल्या होत्या. दिल्लीला आल्यापासून स्टेज पाहिलंही नव्हतं. मी लगेच ‘येते’ म्हणून कळवलं.

करोल बागहून वैशालीपर्यंत मेट्रो थेट जाते, तिथून पुढे ई-रिक्षा. तालीम एका सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये असायची. नाटक बसवणाऱ्या बाई मूळच्या पुण्याच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या आणि इथेच मुरलेल्या. सगळे त्यांना ताई म्हणायचे. त्या सगळ्यांसाठी थर्मास भरून पन्हं आणायच्या आणि उशीर झाला तर मला स्वतः गाडीने स्टेशनवर सोडायच्या. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे सांगणार आहे ते ऐकून त्या दुष्ट होत्या असं वाटायला नको. दुष्ट असत्या तर मी दुसऱ्या दिवशी गेलेच नसते.

नाटक मंडळातल्याच एका निवृत्त गृहस्थांनी लिहिलेलं होतं. त्यांना सगळे काका म्हणत. दिल्लीतल्या मराठी घरात मुलीचं लग्न जमवायची गडबड चाललेली असते आणि मुलीला मात्र परदेशी शिकायला जायचं असतं, अशी हलकीफुलकी गोष्ट. पहिल्या दिवशी ताईंनी मला त्या मुलीचे संवाद वाचायला दिले. मी वाचले. वाचून संपल्यावर खोली थोडा वेळ गप्प होती. ती शांतता कशी असते हे स्टेजवर उभं राहिलेल्या माणसाला कळतं. मला वाटलं, काम मिळालं.

“वाचन छान आहे गं तुझं,” ताई म्हणाल्या. “पण ही मुलगी दिल्लीत वाढलेली आहे ना. तू मोलकरणीसाठी अगदी परफेक्ट आहेस. तुला वेगळं काही करावंच लागणार नाही.”

मी हसले. अशा वेळी माणूस हसतोच, आणि मग ते हसू दिवसभर तोंडात कडू लागत राहतं.

नायिकेचं काम मिळालं ती मुलगी गाझियाबादलाच जन्मली होती, नोएडात एका कंपनीत नोकरीला होती. चांगली होती पोरगी. पण तिला ‘ळ’ म्हणता यायचा नाही. ‘केस धुतले’ऐवजी ती ‘बाल धुतले’ म्हणायची, आणि ‘उंबरठा’ म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. ती चुकली की सगळे कौतुकाने हसायचे. “किती गोड बोलते!” मग ताई मला म्हणायच्या, “तू जरा घे ना तिची तयारी करून.” मी घ्यायचे. कोपऱ्यात बसून तिच्याकडून ‘काळ’, ‘वेळ’, ‘फळ’ घोटून घ्यायचे. ती म्हणायची, “यार दी, तुझं मराठी किती प्युअर आहे!” आणि पाच मिनिटांनी मी उठून ‘इस्टेशन’ म्हणायला जायचे, कारण माझ्या भूमिकेत तसं लिहिलेलं होतं. आमच्या गावात लहान पोरंसुद्धा स्टेशनला स्टेशन म्हणतात. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, “अगं, लोकांना तसं ऐकायची सवय असते.”

तोवर मी सहन करत होते. राग यायला लागला तो एका फोनपासून.

तालमीला मधली सुट्टी झाली होती. आईचा फोन आला. माझ्या मावशीची मुलगी बारावीला गेली होती, हुशार होती, तिचं लग्न ठरवलं होतं आणि कॉलेज बंद केलं होतं. मी क्लब हाउसच्या व्हरांड्यात उभी राहून ओरडले, “कामून? ती शिक्षण कामून सोडायली? कुणी विचारलं का तिला?” आमच्याकडे ‘का’ला ‘कामून’ म्हणतात. मी घरच्यांशी बोलताना दुसरा शब्द माझ्या तोंडात येतच नाही. आई रडत होती. मीही रडकुंडीला आले होते.

फोन ठेवून वळले तर मागे काका उभे. त्यांनी विचारलं, “काय गं, घरी सगळं ठीक ना?” मी सांगून टाकलं. परक्या गावात आपल्या भाषेत कुणी विचारलं की आपण सांगतो. त्यांनी मान हलवली, वाईट वाटल्यासारखं केलं. मग म्हणाले, “तो काय शब्द म्हणालीस? कामून? अरे वा!”

पुढच्या तालमीला संवादांची नवी पानं आली. ‘कामून’ जागोजागी पेरला होता. चहा कामून, पाणी कामून, साहेब कामून. आणि दुसऱ्या अंकात एक नवा प्रसंग होता. मोलकरणीच्या मुलीची शाळा सुटते, लग्न ठरतं, आणि मोलकरीण पदर तोंडाला लावून हेल काढत रडते, “माझ्या लेकीची शाळा सोडवली हो, कामून हो, कामून!” त्यावर नायिका म्हणते, “कामून नाही, का म्हणायचं, का!” कंसात लिहिलं होतं: हशा.

मी ते पान हातात घेऊन काकांकडे गेले. “काका, हे माझ्या घरातलं आहे.”

“अगं, आम्ही लेखक लोक जिवंत माणसांतूनच घेतो,” ते म्हणाले. त्यांना खरोखर वाटत होतं की ते माझा मान करताहेत.

मग मी ताईंना गाठलं. “ताई, ह्यात हसण्यासारखं काय आहे?”

“विनोद आहे गं तो. तुझ्या भाषेचा आम्हाला अभिमानच वाटतो.”

“मग माझ्या भाषेत शहाण्यासारखं बोलणारं एक तरी माणूस नाटकात असू द्या की.”

“प्रेक्षकांना नाही पटणार,” त्या म्हणाल्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, “मनाला लावून घेऊ नकोस. प्रयोगाला आठच दिवस राहिलेत.”

मी सोडून का आले नाही, असं मला मैत्रिणींनी नंतर विचारलं. मला स्टेज हवं होतं, हे एक. आणि सोडलं असतं तर ते पान दुसऱ्या कुणी तरी पदर तोंडाला लावून म्हटलं असतं. ते मला सहन झालं नसतं.

प्रयोगाच्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. एसी नावाला चालू होता. प्रेक्षक कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत होते. आमच्या आधी गढवाली बायकांचा नाच होता. मी मोलकरणीचं लुगडं नेसून विंगेत उभी राहून तो पाहिला. साठीच्या बायका होत्या, हातात हात गुंफून गोल धरून नाचत होत्या आणि स्वतःच गात होत्या. त्यांच्या गाण्यातला एकही शब्द आमच्या लोकांना कळत नव्हता. तरी पुढच्या रांगांतले मराठी काका-काकू मान डोलावत होते, टाळ्यांचा ठेका धरत होते. एकीला धाप लागली तर सगळं सभागृह “वाह, वाह” म्हणालं. त्या बायकांच्या बोलीला कुणी हसलं नाही. हसावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. हे सगळे लोक न हसता ऐकू शकतात, हे मी त्या दिवशी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माझे कान तापले. उकाड्याने नव्हे.

पहिला अंक मी ठरल्याप्रमाणे केला. लोक भरपूर हसले. दुसऱ्या अंकात तो प्रसंग आला. मी पदर तोंडाला लावला नाही. हेल काढला नाही. व्हरांड्यात उभी राहून आईला विचारलं होतं तेच, पण साध्या आवाजात नायिकेला म्हणाले, “माझ्या लेकीची शाळा सोडवली. कामून?”

सभागृह हसलं. मी थांबले. हसणं संपू दिलं आणि परत म्हणाले, “कामून?”

या वेळी अर्धेच हसले. नायिका माझ्याकडे पाहत राहिली. तिला आता “का म्हणायचं, का” असं म्हणायचं होतं. मी तिच्या जवळ गेले, खाली बसले आणि तिसऱ्यांदा विचारलं. आता कुणी हसलं नाही. मागे कुठे तरी एक लहान मूल कुरकुरत होतं, तेवढंच.

तिने ते वाक्य म्हटलं नाही. माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, “मला नाही माहिती.” विंगेतून काका हातवारे करत होते. थोड्या वेळाने घरमालकाचं काम करणारे गृहस्थ सावरून घेत आत आले आणि नाटक पुढे सरकलं.

एवढ्यावर संपलं असतं तर मी आज हे सांगायला बसले नसते.

प्रयोगानंतर बक्षीस समारंभ होता. प्रमुख पाहुणे मराठीच होते, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मला विनोदी अभिनयाचं बक्षीस जाहीर झालं. मी वर गेले. पाहुण्यांनी स्मृतिचिन्ह माझ्या हातात दिलं, माइक स्वतःच्या तोंडाशी धरला आणि मी काढलाच नव्हता तो हेल काढून माझी नक्कल केली, “कामून हो, कामून!” सभागृह खदखदून हसलं. मघाशी गप्प झालेले तेच लोक. मी माइकपाशी वाकून म्हणाले, “साहेब, तुम्ही हसायलात कामून?”

मला खरंच उत्तर हवं होतं. त्यावर सगळ्यात मोठा हशा झाला. टाळ्यासुद्धा पडल्या.

मेकअपच्या खोलीत काका माझ्याकडे न बघता म्हणाले, “प्रसंग पाडलास तू माझा.” ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “बक्षीस मिळालं ना? मग आता तोंड कशाला पाडतेस?” मी ते स्मृतिचिन्ह तिथल्याच टेबलावर ठेवलं. “अगं, घेऊन जा ना,” त्या म्हणाल्या. मी “नको” म्हणाले आणि लुगडं घडी करून त्यांच्या हातात दिलं. नायिकेने मला स्कूटीवर स्टेशनपर्यंत सोडलं. उतरल्यावर ती म्हणाली, “सॉरी दी. माझी लाइन मी विसरले नव्हते.” मी म्हणाले, “मला कळलं ते.”

दुसऱ्या दिवशी कुणी तरी त्या प्रसंगाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. तो फिरत फिरत आमच्या गावात पोचला. आईने फोन केला. आधी म्हणाली, बारीक झालीस. मग म्हणाली, “तू आपल्या पोरीचंच सांगायलीस ना त्यात? मला ऐकून रडू आलं. पण मागं ते लोकं हसल्यावानी आवाज येतोय. माझा मोबाइलच खराब झाला का?” मी म्हणाले, “हो आई, तिथला आवाज नीट आला नाही.” आईला मी खोटं सांगितलं, त्याचाही राग मी त्या सभागृहावरच धरते.

मावशीच्या मुलीचं लग्न झालं. माझी पूर्वपरीक्षाही गेली. पुढे मी नोएडात एका मीडिया ऑफिसात नोकरी धरली. तिथे दिवसभर प्रमाण मराठीत लिहिते आणि हिंदीत बोलते.

पुढच्या उन्हाळ्यात ताईंचा फोन आला. “यंदा काम करशील? मोठी भूमिका आहे.” मी विचारलं, कोणती. “गावाकडची आत्या. धमाल आहे गं!” मी नाही म्हणाले. पण नाटक बघायला गेले. का गेले ते सांगता येणार नाही. खपली काढायला हात जातो, तसं असेल.

आत्येचं काम वऱ्हाडातल्या एका मुलीने केलं होतं. तीही परीक्षेसाठी आलेली, राजेंद्र नगरला राहणारी. तिच्या प्रत्येक वाक्याला लोक हसत होते. पोरगी फार जोरकस होती. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात होता, कुठे थांबायचं हे तिला नेमकं कळत होतं. प्रयोग संपल्यावर मी आत जाऊन तिला भेटले. ती घामाने निथळत होती आणि चेहरा फुललेला होता. “ताई, पाहिलं का तुम्ही? किती टाळ्या पडल्या!” मी तिला काय सांगणार? मी म्हणाले, “फार छान केलंस.” ते खरंच होतं. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, “नायिकेचं वाचायला दिलं होतं का तुला?”

“नाही जी. मला आत्येचंच देल्लं होतं.”

बाहेर लॉबीत ताई लोकांचं अभिनंदन स्वीकारत उभ्या होत्या. मी सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि चार लोकांसमोर विचारलं, “ताई, त्या मुलीकडून मुख्य भूमिकेचं वाचूनसुद्धा का घेतलं नाहीत?”

ताईंनी माझा हात हातात घेतला. त्यांचा हात गार होता, नुकताच बर्फाच्या पाण्याचा पेला धरलेला. “अगं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “अजून राग गेला नाही का तुझा?”

“नाही,” मी म्हणाले. “आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या.”

मी हात सोडवून घेतला नाही. उत्तराची वाट पाहत तिथेच उभी राहिले. शेवटी हात त्यांनीच सोडला.