जाळीभाऊंचा मासा

तळ्यावर आमच्या ह्यांना कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे जाळीभाऊ म्हणतात. ह्यांना ते आवडतं, मला आवडत नाही. का आवडत नाही ते सांगते, पण मधे बोलू नका, मग माझं डोकं फिरतं.

हे रंगारी. लोकांची घरं रंगवायची हाच धंदा. उभा जन्म शिडीवर गेला, आणि छत रंगवायचं म्हणजे हात सदा डोक्याच्या वर. केसांत पांढरं दिसतं ते रंगाचं की वयाचं, हे आता मलाही सांगता येत नाही. आमच्या स्वतःच्या घराला मात्र मुलीच्या लग्नानंतर ब्रश लागलेला नाही. स्वयंपाकघरात नळाच्या वर पोपडे सुटलेत. विचारलं की म्हणणार, "अगं, या सुट्टीत करू." आणि सुट्टी आली की उजाडायच्या आत गळाच्या काठ्या खांद्यावर टाकून तळ्यावर.

तळ्यावर गळ टाकणाऱ्यांचा एक क्लब आहे. खायला नाही हो पकडत. मासा धरायचा, वजनकाट्यावर तोलायचा, फोटो काढायचा आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा. लग्न होऊन आले तेव्हा मी विचारलं होतं, "सोडायचाच आहे तर धरता कशाला?" त्यावर हे खो खो हसले होते. उत्तर अजून मिळायचं आहे.

आता जाळीचं सांगते. मोठा मासा गळाला लागला की त्याला दोरीने वर उचलता येत नाही, दोरी तुटते. त्याला खेळवत, दमवत बोटीजवळ आणायचा आणि शेजारच्याने लांब दांड्याच्या जाळीत घ्यायचा. म्हणून क्लबचा रिवाज असा, की कुणी "जाळी!" म्हणून ओरडलं की ज्याचा हात मोकळा असेल त्याने धावायचं. गळ टाकून बसलेल्या माणसाचा हात मोकळा कसा असेल, तुम्हीच सांगा. पण ह्यांचा असायचाच. स्वतःची काठी बोटीच्या कडेला टेकवायची, बोट त्या बोटीला नेऊन लावायची आणि लागायचं लष्कराच्या भाकऱ्या भाजायला. एकदा मागे ह्यांच्याच काठीला मासा लागला आणि काठीच घेऊन गेला. काठी पाण्यावरून चालली आहे, तिच्यावरचं दोरीचं रीळ अजून नवं कोरं, आणि हे दुसऱ्याच्या माशाचं कौतुक करतायत, "वा मास्तर, काय देखणा आहे!"

हात हलका आहे त्यांचा, ते मी नाकारत नाही. नेम धरून बसतात, बोलत नाहीत, पाणीसुद्धा हलत नाही, आणि बघता बघता मासा जाळीत असतो. ह्यांच्या जाळीतून मासा सुटलेला कुणाला आठवत नाही. त्यामुळे प्रत्येकाला बोटीत हेच हवे. "भाऊ, रविवारी आमच्याबरोबर हं!" रंगाचं काम द्यायला कधी एवढी माणसं दारात आली नाहीत.

तळ्याकाठी क्लबची पत्र्याची शेड आहे. आत एक लांब बाक, चहाची किटली आणि भिंतभर फोटो. दहा किलोच्या वरचा मासा ज्याने धरला त्याचा फोटो तिथे लागतो. शाळेतल्या मास्तरांचे तीन आहेत. डॉक्टरांचा आहे. बँकेतल्या साहेबांचा आहे, त्यांना तर गळाला आमिषही नीट लावता येत नाही. आणि जवळजवळ प्रत्येक फोटोच्या कडेला एक कोपर आहे, रंगाचे डाग पडलेल्या बाहीचं. ते ह्यांचं. अख्खे हे एकाही फोटोत नाहीत.

मी भांडायचे. म्हणायचे, "तुम्हाला काय हमाल समजतात का ते? आयत्या बिळावर नागोबा नुसते!" हे म्हणायचे, "जाऊ दे गं, मित्र आहेत." मास्तर एकदा म्हणाले होते, "भाऊ, आम्हालाही शिकवा ना जाळी धरायला." तर हे पटकन म्हणाले, "राहू द्या मास्तर, तुमचे कपडे भिजतील." एवढा भोळा माणूस. शेजारणींना मी हेच सांगत फिरायचे, की माझा नवरा गरिबासारखा राबतो आणि जग त्याच्या तोंडाला पानं पुसतं.

मग खांद्याने दगा दिला. आधी नुसता दुखायचा, मग शर्ट घालताना हात वर जाईना. डॉक्टरांनी, तेच आपले फोटोतले, तपासलं आणि सांगितलं की आतला सांधा पार झिजला आहे, ऑपरेशन करावंच लागेल. त्यानंतर शिडी बंद. गळ फेकणंही बंद. तारीख मिळाली ती क्लबच्या वार्षिक स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवसाची.

तारीख मिळाली त्या दुपारी हे जेवत होते. मी वाढत होते. एकदम म्हणाले, "एक फोटो लागला असता तर बरं झालं असतं."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. या माणसाने इतक्या वर्षांत स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. नवीन चपला आणायच्या तरी मला मागे लागावं लागतं. मी तिथेच बजावलं, "स्पर्धेला मी बोटीत येणार. वल्ही मी मारणार. आणि कुणी 'जाळी' म्हणून ओरडलं, तुमच्या नावाने गळा काढला, तरी जागचं हलायचं नाही. घ्या माझी शपथ." त्यांनी घेतली.

माझं माहेर नदीकाठचं, वल्ही मला चालता यायला लागल्यापासून येतात. त्याची काळजी नव्हती. काळजी होती बोटीतल्या तिसऱ्या माणसाची. स्पर्धेत एका बोटीत दोन गळवाले आणि एक वल्हेवाला असतो, आणि जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. आमच्या नशिबी आला वकील. खरा वकील नव्हे, फरश्यांचं दुकान आहे त्याचं, आणि शेडमध्ये दोन फोटो. पण सूर्य कुठे उगवतो यावरही वाद घालतो, म्हणून वकील. बोटीत पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाला, "वहिनी, वल्ही उलटी धरलीत का?" मी म्हटलं, "तुम्ही बसा. पोहता येतं ना? मग झालं."

सकाळी काही लागेना. वकिलाचं तोंड चालू, आमिषाच्या पिठाच्या गोळ्यात मध घालावा की घालू नये. मग शेजारच्या बोटीतून बँकेचे साहेब ओरडले, "जाळी! भाऊ, जाळी!" हे अर्धे उठलेच. मी फक्त बघितलं त्यांच्याकडे. बसले खाली. पण कसे बसले! हात मांडीवर दाबून, जीभ दाताखाली धरून. तिकडे पाण्यात धपाधप झाली आणि साहेबांनी शिवी हासडली. मासा गेला. सगळ्या बोटी आमच्याकडे बघायला लागल्या. वकील म्हणाला, "भाऊ, हे काही शोभलं नाही तुम्हाला." मला त्याला वल्ह्यानेच द्यावंसं वाटलं.

ऊन चढल्यावर मी बोट काठच्या लव्हाळ्यांच्या बाजूला नेली. त्यांच्या अलीकडे पाणी खोल आहे. ह्यांनी डाव्या हाताने कसाबसा गळ फेकला. थोडा वेळ गेला असेल, काठीचं टोक दोनदा थरथरलं आणि मग सरळ पाण्यात गेलं. रीळ असं किंचाळायला लागलं की वकीलही गप्प बसला.

"मोठा आहे," हे म्हणाले. एवढंच.

मी बोट मागे घेतली, लव्हाळ्यांपासून लांब. मासा तिकडेच ओढत होता, लव्हाळ्यांत शिरला असता तर दोरी गुंडाळून संपलं होतं सगळं. हे काठी दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसले होते. खांदा दुखत होता, घाम डोळ्यांत जात होता, पण तोंडातून हूं नाही. मासा लांब जायचा, हे जाऊ द्यायचे. मासा थांबायचा, हे गुंडाळायचे. मला इतकी वर्षं वाटायचं की ह्यांना गळ टाकणं फारसं जमत नाही. त्या दिवशी जमत होतं. मग तो एकदा वर आला, सोनेरी, जाडजूड, लहान मुलाएवढा. वकील पुटपुटला, "बारा किलो. बाराला मरण नाही." 

दमला तो. कुशीवर आडवा झाला आणि बोटीजवळ यायला लागला. आणि हे ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा हे ओरडले, "जाळी!"

वकिलाने जाळी उचलली आणि डोक्यावर धरून उभा राहिला. बोट डगमगली.

"खाली बसा!" हे म्हणाले. "जाळी पाण्यात घाला. पाण्यात! हलवू नका. मी त्याला तुमच्यावर आणतो."

"अहो, पण आलाय की जवळ!"

"थांबा! शेपटीकडून नका—"

पण थांबेल तो वकील कसला. त्याने माशाच्या मागून जाळी फटकन मारली, माश्या मारतात तशी. जाळीचं लोखंडी कडं माशाच्या पाठीवर बसलं. मेल्यासारखा आडवा पडलेला मासा उसळला, गळ जाळीच्या दोऱ्यात अडकला, आणि मासा एकीकडे, जाळी एकीकडे अशी ओढाताण झाली. टण्ण आवाज करून दोरी तुटली. काठी सरळ झाली. मासा तिथेच क्षणभर दिसत होता, हात घातला असता तर लागला असता. मग तो सावकाश खाली गेला.

हातातोंडाशी आलेला घास. 

वकिलाचं तोंड लगेच सुरू झालं. "या जाळीचं तोंडच लहान आहे, भाऊ. आणि दांडा वाकडा."

"नाचता येईना आणि अंगण वाकडं!" माझा बांध फुटला. "तुमच्या दोन माशांना हीच जाळी पुरली की हो? तेव्हा नाही दिसला वाकडा दांडा? फोटोत दात काढून उभे आहात ते कुणाच्या जिवावर?"

"अगं, पुरे," हे म्हणाले.

"का पुरे? पुरे का?"

"पुरे म्हटलं ना."

स्पर्धा संपल्याची शिट्टी झाली. धक्क्यावर वकील उतरला तो मागे न बघता शेडमध्ये गेला. आतून हसण्याचा आवाज येत होता, चहा निघाला असणार. मास्तर दारात येऊन म्हणाले, "भाऊ, ऐकलं आम्ही. फार वाईट झालं." मी त्यांनाही सोडलं नाही. म्हटलं, "वाईट झालं नाही मास्तर, तुम्ही केलंत. एवढी शिकलेली माणसं, वर्षानुवर्षं या माणसाकडून सेवा करून घेतलीत, आणि जाळी धरायला एकजणही शिकला नाही? एक? ज्या दिवशी ह्यांना जाळी लागली त्या दिवशी द्यायला तुमच्यातला एक हात नाही!" मास्तर खाली बघत उभे राहिले. काहीतरी बोलणार होते, मग ह्यांच्याकडे बघितलं आणि गप्प झाले.

बोट क्लबची, पण ती वल्हेवाल्यानेच पलीकडच्या खांबाला नेऊन बांधायची असते. आम्ही दोघंच निघालो. मी वल्ही मारत होते आणि तोंडही चालूच होतं. कृतघ्न मेले, म्हटलं. उद्या दवाखान्यात बघायला येतील केळी घेऊन. एकाला वाटलं नाही, की आपणही शिकावं.

"वाटलं होतं," हे म्हणाले.

"कुणाला?"

"सगळ्यांनाच कधी ना कधी. मास्तरांनी तर चारदा विचारलं. वकिलाने पण. डॉक्टर नवीन आले तेव्हा त्यांनी स्वतःची जाळी विकत आणली होती." हे पाण्याकडे बघत बोलत होते. "मीच दिली नाही कुणाला. हातातून काढून घ्यायचो. हसून काढून घ्यायचो, म्हणजे त्यांना कळायचं नाही."

मी वल्ही थांबवली. "का पण?"

"त्या शेडमध्ये सगळे कोण आहेत बघ ना. आणि मी रंगारी. गळ टाकण्यात मी काही त्यांच्यापेक्षा बरा नाही. जाळी त्यांना यायला लागली असती, तर रविवारी आपल्या दारात कोण आलं असतं?"

मला इतका राग आला होता, की तो कुठे ठेवू ते कळेना. इतकी वर्षं ज्यांना शिव्या घातल्या ते सगळे एका क्षणात निर्दोष सुटले. हे उजवा खांदा डाव्या हाताने धरून बसले होते.

"मास्तरांना माहीत होतं वाटतं," ते म्हणाले. "आज माझ्याकडे बघितलं त्यांनी."

 वारा आम्हाला हळूहळू लव्हाळ्यांकडे नेत होता, म्हणून मी पुन्हा वल्ही धरली.