गरीब, होतकरू आणि आमची कमिटी

शिष्यवृत्ती वाटून पुण्य किती जमतं ते मला ठाऊक नाही, किस्से मात्र रग्गड जमतात! लग्नात, मयतीत, कुठंही चार ओळखीची माणसं भेटली की "काय सर, यंदाची पोरं कशी हायत?" म्हणून विषय निघतो आणि मी सुरू होतो. बायकोनं सक्त ताकीद दिलीय, "जेवताना असलं काही सांगायचं नाही. घास उतरत नाही."

आमची कमिटी तिघांचीच. अध्यक्ष मगदूम आप्पा, त्यांचं पंप आणि पाइपचं दुकान. सावंत बाई, हायस्कूलच्या रिटायर्ड हेडबाई. आणि मी, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. ओळखीपाळखीच्या लोकांकडनं वर्गणी काढायची आणि ज्यांची फी अडलीय त्यांची भरायची, एवढंच काम. मुलाखती आप्पांच्या दुकानामागच्या गोडाऊनमध्ये, पाइपांच्या थप्प्यांमध्ये टेबल टाकून.

*

एका मुलीला आप्पांनी विचारलं, "वडील कुठं असतात?"

"कळंब्याला."

आप्पा एकदम खूश. कळंब्यात त्यांचा प्लॉट! "अरे वा! कळंब्यात कुठं? तळ्याच्या अलीकडं का पलीकडं?"

"आत."

"आत म्हंजे?"

"जेलात."

आप्पांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. काहीतरी सावरायचं म्हणून बाईंनी विचारलं, "भेटायला जातेस का, बाळ?"

"जातो की." आमच्याकडं पोरीही 'जातो'च म्हणतात. "पण मार्क सांगत न्हाय."

"का गं?"

"मागल्या टायमाला सांगितलं तर पप्पा लई रडलं. आतली माणसं हसत्यात त्यांना."

*

मुलाखतीत प्रत्येकाला एक प्रश्न ठरलेला असतो, मोठं होऊन कोण होणार? कलेक्टर, डॉक्टर, पीएसआय, उत्तरंही ठरलेली. एका पोरानं मात्र सरळ आप्पांच्या खुर्चीकडं बोट केलं.

"तिथं बसणार."

आप्पा खुलले. "बसून काय करणार, रे?"

"असलं प्रश्न इचारणार न्हाय!"

*

इचलकरंजीला लागून कबनूर आहे. तिथली एक मुलगी मुलाखतीत अशी ओरडून बोलत होती की दुकानातली गिऱ्हाइकं डोकावून गेली. बाई म्हणाल्या, "अगं, हळू. आम्ही समोरच आहोत." तिनं आवाज उतरवला. दोन वाक्यांनी पुन्हा तेच!

घर बघायला आप्पा आणि मी गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये मालकाचे यंत्रमाग आणि मागांच्या पलीकडं पडदा लावून ह्यांचं घर. आई आणि वडील दोघंही मागावर कामाला. जेवढं कापड निघेल तेवढी मजुरी. खडखडाट असा की आप्पांनी कानाशी येऊन सांगितलेलंही मला ऐकू येईना. पोरगी भिंतीला टेकून केमिस्ट्री वाचत बसलेली.

आप्पा ओरडले, "ह्यात अभ्यास कसा हुतो गं?"

"ह्यातच हुतो!" ती ओरडली.

तेवढ्यात लाईट गेली. माग थांबले. मला वाटलं, सुटलो बुवा! बघतो तर पोरीनं पुस्तक मिटलेलं.

"का गं? आता वाच की निवांत."

ती पहिल्यांदाच हळू बोलली. "आता न्हाय हुणार, सर. माग थांबला की आई रडायला लागती."

पडद्याआड सुरुवात झालीच होती.

*

एका वर्षी एका देणगीदारांनी अट घातली, चौकात फ्लेक्स लागला पाहिजे. वर हसतमुख साहेब, खाली 'गरीब व होतकरू' पोरांचे फोटो. बाई जाम भांडल्या. "पोरांची अब्रू टांगायची का चौकात?" आप्पा म्हणाले, "बाई, साहेब न्हाय म्हणाले तर पोरं घरात बसतील. सांगा, कुठली कुठली बसवू?" फ्लेक्स लागला.

मग एक दिवस त्यातल्या एका मुलीची आई गोडाऊनवर आली. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. मला वाटलं, आता ही शिव्या घालणार, आणि घालायलाच पाहिजेत!

"त्यो चौकातला बोर्ड कवा उतरणार?"

आप्पांनी हात जोडले. "आजच काढतो, ताई. चुकलं आमचं."

"चुकलं कसलं? उतरला की मला द्या. छप्पर गळतंय."

दिला. पावसाळ्यात सावंत बाई त्यांच्या घरी जाऊन आल्या. बाहेरनं जाणाऱ्या-येणाऱ्याला फोटो दिसू नयेत म्हणून फ्लेक्स उलटा टाकलेला, छापलेली बाजू घराच्या आत. बाई सांगत होत्या, "आडवं झालं की साहेब बरोबर डोक्यावर हसतायत. आणि पोरीनं स्वतःच्या फोटोवर पोतं ठोकलंय!"

*

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आम्ही देणगी मागायला गेलतो. गेटवरच्या सिक्युरिटीनं कडक सॅल्यूट ठोकला. टोपीखाली बघतो तर आमचा महेश! इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची त्याची फी आम्हीच भरलेली.

"अरे, कॉलेज?"

"सोडलं, सर. बाला लकवा मारला. फी तुमी भरलीसा, घर कोण चालवणार?"

आप्पा चिडले. "आमास्नी सांगायचं न्हाईस?"

"काय सांगू, आप्पा? तुमची कमिटी शिक्षणाची. आजारपणाची कुठं हाय?"

महेशनं गेट उघडलं. आम्ही आत वळलो, तेवढ्यात मागनं पळत आला.

"सर, आत साहेबास्नी माझं नाव सांगू नका हां! ह्यांनी फी भरलेला पोरगा गेटवरच उभा हाय, मग देणगी कशाला, म्हणतील!"

देणगी मिळाली. चांगली मिळाली. परत निघताना आप्पा गेटकडं न बघता गाडी काढायला लागले, आणि गेटचा आडवा दांडा वर जायच्या आत दांड्यावरच आदळणार होते.

*

गेल्या वर्षीची गोष्ट. सानिका चौगुले नावाची मुलगी. वडील डेअरीच्या दुधाचा टेम्पो चालवायचे. मुलाखतीला बाप-लेक दोघं आले होते. तिला नर्सिंगला ॲडमिशन मिळालेली, घराण्यात बारावी झालेली ती पहिलीच. आम्ही तिथंच हो म्हणून टाकलं. शिष्यवृत्ती वाटपाच्या कार्यक्रमाला या, असं दोघांनाही सांगितलं.

कार्यक्रमाच्या आधी तिला ताप आला. डोक्यात गेला. सगळं इतक्या झटपट आटपलं की आम्हाला कळलं तेव्हा दिवसकार्यही उरकलेलं.

कार्यक्रमादिवशी हॉल भरला. मी सहज मागं बघितलं तर शेवटच्या रांगेत चौगुले दादा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी. मी जवळ गेलो.

"दादा, तुम्ही कशाला आलासा?"

"बोलावलतं की तुमी."

"व्हय, पण…"

"लई सांगायची घरात. माईकवर माझं नाव पुकारणार म्हणून. शेजारीपाजारी समद्यांना सांगून झालतं." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "पैसे दुसऱ्या कुठल्या तरी पोरीला द्या, सर. नाव तेवढं पुकारा."

मी स्टेजवर जाऊन सांगितलं. आप्पा घाबरले. "अवो, लोकास्नी काय म्हाईत? टाळ्या वाजवतील की!"

बाईंनी निवेदकाच्या हातातनं माईक घेतला आणि स्वतः नावं पुकारायला लागल्या. एकेक पोरगं यायचं, पाया पडायचं, टाळ्या व्हायच्या. मग बाईंनी चष्मा पुसला.

"सानिका बाजीराव चौगुले."

टाळ्या सुरू झाल्या. स्टेजकडं कुणीच येईना, तशा एकेक करत विझल्या. लोक माना वळवून बघायला लागले.

शेवटच्या रांगेत दादा उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली.

"हजर!"