एका गुणाचा प्रवेश

मी पाचवीत असताना आतेबहिणीचा डी.एड.चा अर्ज आबांनी, माझ्या वडिलांनी, भरून दिला. खेळ, चित्रकला, वक्तृत्व यांच्या जादा गुणांच्या रकान्यात लिहायला काहीच नव्हतं. तिथे आडवी रेघ मारावी लागली आणि तिचा नंबर हुकला. त्या दिवसापासून आबांनी माझ्यासाठी एक फाइल उघडली.

मग असोद्याहून एस.टी.ने जळगावला चित्रकलेचा क्लास. वक्तृत्वाची भाषणं आबा स्वतः लिहीत आणि मी ओसरीवर उभी राहून पाठ म्हणे. हात कुठे उचलायचा तेही कागदावर लिहिलेलं असे. मला गणित आवडायचं. अकरावीत सायन्स घेतलं ते बी.एस्सी. करायचं म्हणूनच, पण तसं बोलले की आबा म्हणायचे, "मग हे सगळं आपण कशासाठी केलं?" त्या 'आपण'पुढे मला तोंड उघडता येत नसे.

खो-खोत मी अगदीच मंद. तरी आबांनी सरांना गळ घातली आणि मी राखीव खेळाडू झाले. संघ विभागीय स्पर्धेपर्यंत गेला. मी तिन्ही दिवस मैदानाबाहेर बसून मुलींच्या चपला सांभाळल्या. प्रमाणपत्र मात्र सगळ्यांना सारखंच मिळालं.

बारावीनंतर धुळ्याच्या डी.एड. कॉलेजात कागद तपासायला गेलो. कारकुनाने अख्खी फाइल चाळली, खो-खोचं प्रमाणपत्र ठेवून घेतलं आणि बाकीची फाइल परत सरकवली.

"यालाच एक गुण. बाकीचं घरी ठेवा."

आबा फाइल बगलेत धरून बाहेर आले.

रांगेत माझ्यामागे पिंपळनेरची एक मुलगी होती, एकटीच आलेली. आमची तिघांची पावलं बरोबरच स्टँडकडे वळली. पोचतो तर जळगावची गाडी फाटकातून बाहेर पडत होती. आबांना धाप लागलेली. त्या मुलीने चपला हातात घेतल्या, पळत जाऊन गाडीच्या पत्र्यावर थापा मारल्या आणि गाडी थांबवली. तसं पळताना मी आमच्या संघातही कुणाला पाहिलं नव्हतं.

आठवड्याने यादी लागली. शेवटचं नाव माझं. त्याखाली प्रतीक्षा यादी, आणि तिच्यात पहिलं नाव पिंपळनेरच्या त्या मुलीचं. बारावीचे गुण दोघींचे सारखेच होते.

ती फळ्यापाशीच उभी होती.

"तू खेळत नव्हतीस?" मी विचारलं.

"आमनी शाळामा मैदानच नही शे. कागद कोठून लयसू?" ती अहिराणीत म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी आबांना बाजूला घेतलं. "आबा, मी बी.एस्सी. करते. माझी जागा तिला मिळेल."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांचे डोळे भरून आले. "सात वर्षं झाली, बाई," एवढंच म्हणाले. मी आत जाऊन प्रवेशाच्या कागदावर सही केली. बाहेर आले तोवर ती निघून गेली होती.

प्रवेश झाला आणि पहिल्याच आठवड्यात क्रीडाशिक्षिकांनी मला बोलावलं. माझा कागद त्यांच्या हातात होता. "विभागीय खेळाडू! आपल्या संघात तूच पहिली."

मी खरं सांगून टाकलं. बाकावर बसले होते, मैदानात पाऊलही टाकलं नव्हतं. प्रवेश गेला तर जाऊ दे, असंही मनात होतं.

बाईंनी कागद पुन्हा पाहिला. "हे मी कुठल्या रकान्यात लिहू?" त्यांनी विचारलं. "जा, बूट घाल."

दोन वर्षं मी त्या संघात खेळले. प्रत्येक सामन्यात पहिल्या मिनिटाला बाद व्हायचे, आणि सामना बघायला आबा असोद्याहून मुद्दाम यायचे. टाळ्या वाजवायचे. रावेर तालुक्यात नोकरी लागली तेव्हा त्यांनी गावात पेढे वाटले.

शिकवायला मी हळूहळू शिकले. वर्गात गणिताचा तास असला की बरं वाटतं, बाकीचे तास नुसते पार पाडते. पिंपळनेरच्या त्या मुलीचं पुढे काय झालं, ते मी कधी शोधलं नाही. शोधायची भीती वाटली, हेच खरं.