कोरेवाडी हॉल्टची मागची बाजू

चौथ्यांदा रेवणप्पाकाका माझ्या स्टुडिओच्या पायरीवर येऊन टेकले, तेव्हा मी सरळ सांगून टाकलं, "काका, आता मला वेड लागायची पाळी आलीय." ते गुडघे चोळत बसून राहिले. मग माझी मलाच लाज वाटली.

लातूरच्या बसस्टँडमागे माझा फोटो स्टुडिओ आहे. दिवसभर पासपोर्ट साइजचे फोटो, वर 'मॅडम, जरा गोरं करा की'. अशा धंद्यात कुणी वेगळं काम घेऊन आलं की बरं वाटतं. काकांचं काम तसं होतं. ते रेल्वेत कीमन होते. म्हणजे रोज हातोडा घेऊन आपल्या वाट्याच्या रुळांवरून पायी जायचं आणि ढिली झालेली प्रत्येक चावी, म्हणजे रूळ धरून ठेवणारी लोखंडी पाचर, ठोकून घट्ट करायची. छोट्या लाईनवरच्या कोरेवाडी हॉल्टला, म्हणजे लहानशा थांब्याला, त्यांनी तेवीस वर्षं हेच केलं. राहायचं क्वार्टर हॉल्टच्याच इमारतीत, मागच्या अंगाला. पुढे छोटी लाईन उखडली आणि हॉल्ट पाडला. फोटो एकही नाही. कॅमेरा होता कुणाकडे तेव्हा?

आता त्यांच्या बायकोला, उमादेवींना, काचबिंदू झालाय. उजवा डोळा गेला. डाव्याचं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, दिवाळीपर्यंत टिकला तरी पुष्कळ. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "कोरेवाडी एकदा बगायला मिळाली असती तर." म्हातारा तेव्हापासून झपाटला. मुलाच्या घराच्या गच्चीवर, पत्र्याखाली, जुन्या दाराच्या फळीवर त्यांनी हॉल्ट उभा केला. छत्रीच्या काड्यांचे रूळ, आइस्क्रीमच्या काड्यांचे रुळांखालचे स्लीपर, चाळणीने चाळलेली खडी, माती म्हणून वाळवलेला चहाचा चोथा आणि फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलची इमारत.

फोटो माझ्याकडे. कॅमेरा रुळाच्या उंचीला आणायचा, पोटावर पालथं पडायचं, चार वाजताचं तिरकं ऊन साधायचं. मग खेळणं खेळणं राहत नाही, आत्ता गाडी येईल असं वाटतं. पहिला फोटो बघून माझ्याच अंगावर काटा आला.

उमादेवींना गच्चीचा जिना झेपत नाही, म्हणून मी मोठा प्रिंट काढून दिला. त्यांनी तो डाव्या डोळ्याजवळ धरला. "लई चांगलं केलंय," त्या म्हणाल्या. "पन हे आपलं न्हाई."

काका वर गेले, पाटीचा रंग बदलला. पुन्हा फोटो, पुन्हा न्हाई. लिंबाचं झाड डावीकडे सरकवलं. न्हाई. फलाट अर्धं बोट खाली घेतला. न्हाई. शहात्तर वर्षांचा माणूस, चिमट्याने खडी बसवताना मान अवघडायची. मला तर म्हातारीचा राग यायला लागला होता. नवऱ्याने जीव काढायचा आणि हिने नुसती मान हलवायची!

"आजून एकदाच काढा, बाई," पायरीवरून काका म्हणाले. "मी बी थकलो बगा. पन तिचा डोळा काय थांबून राहनार न्हाई."

मी स्टुडिओचं शटर ओढलं. म्हटलं, फोटो पुरे झाले, आज सगळं मॉडेलच खाली आणू. शेजारच्या दोघांना हाताशी घेऊन फळी उतरवली. जिन्याच्या वळणावर ती फिरली आणि खाली खोलीतल्या बाजेवर तशीच टेकली. उमादेवींच्या समोर हॉल्टची मागची बाजू आली. ती बाजू कुठल्याच फोटोत नव्हती. तिथे कोरं थर्माकोल होतं आणि सेलोटेपच्या पट्ट्या.

"थांब, फिरवतो," काका घाईने म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या." उमादेवींनी बोटांनी ती भिंत चाचपली. "माजी खिडकी कुठं हाय? मी ह्या बाजूला होते की तेवीस वर्षं. तुमच्या लाईनीकडं मी कदी आले?"

काकांनी फळीवरचा हात काढला. कुठल्या सांध्याला कुठला नट होता ते झोपेतही सांगणारा माणूस, पण आपल्या परसात काय होतं ते त्याला आठवेना. पहाटेच्या अंधारात घर सोडायचं आणि दिवेलागणीनंतर परत यायचं, त्यात परस बघणार कधी?

"मी बगितलंच न्हाई ते," काका म्हणाले. "तू सांग, मी करतो."

आठ दिवस त्या सांगत होत्या, ते करत होते. धुण्याचा दगड केला. कपडे वाळत घालायची तार केली. पपईचं झाड, धुराने काळी झालेली खिडकी, शेवटी मागचं दार. डोळा दमला की उमादेवी बोटाने तपासायच्या. दोघांचीही चिडचिड व्हायची. नवव्या दिवशी मी त्यांच्या घरातच पालथी पडले आणि फोटो काढला.

प्रिंट त्यांनी इतका वेळ डोळ्याशी धरला की मला भीती वाटली, दिसतंय ना यांना? मग त्यांच्या गालावर पाणी उतरलं.

"हाव," त्या म्हणाल्या. "हे आपलं."

काकांनी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

"पन एक चुकलंय," उमादेवी म्हणाल्या. "तुमी दार लावून टाकलंय. तुमी लाईनीवरनं यायच्या आदी मी कदी दार लावलं होतं का?"