केगची कडी

पंधरा दिवस माझ्या डोळ्याला डोळा नव्हता. कारण विचाराल तर आमच्या फ्रिजमधला बिअरचा केग. हसू नका, आधी ऐका तरी.

ऐंशीच्या सुमाराला आम्ही बहरीनला, मनाम्यात राहायचो. आमचे हे घरीच बिअर करून बाटल्यांत भरायचे. एकदा त्यातली एक बाटली उकाड्यानं फुटली आणि काच उडाली ती थेट मुक्ताच्या तिचाकी सायकलपाशी. मुक्ता म्हणजे आमची लेक, तेव्हा चार वर्षांची, तिथल्या इंग्लिश नर्सरीत जाणारी. मी म्हटलं, "हे आजपासून बंद."

"बंद कशाला? केगमध्ये भरू. स्टीलचा असतो, फुटायचा प्रश्नच नाही."

ऑफिसातला एक इंग्रज कायमचा परत निघाला होता, त्याच्याकडून हे केग घेऊन आले. गुडघ्याच्या वर येईल एवढा स्टीलचा उभा डबा, त्याला गॅसचा सिलिंडर, मध्ये नळी. सिलिंडर चालू ठेवून गॅस म्हणे पंधरा दिवस दाबून ठेवायचा, मग तो बिअरमध्ये मुरतो.

"पंधरा दिवस? आणि शिट्टी?"

"कसली शिट्टी?"

आता तुम्हीच सांगा, ज्या कुकरची शिट्टीच होत नाही त्याच्याजवळ तुम्ही लेकराला फिरकू द्याल?

यांनी झाकणावरची एक कडी दाखवली. "प्रेशर फार वाढलं तर ही ओढायची. पण तू हात लावू नकोस." फार म्हणजे किती, ते काही सांगितलं नाही. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. त्याचा उपयोग एवढाच झाला, की इतरांपेक्षा मला जास्त शास्त्रशुद्ध घाबरता आलं.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेले आणि मला केग जरा फुगल्यासारखा वाटला. स्टील असं फुगत नाही, हे मला माहीत होतं. तरी चाचपून पाहिला. मग ओढली कडी. चांगली पन्नास आकडे मोजेपर्यंत फुस्स करून वाफ, म्हणजे गॅस, जाऊ दिला. काय हलकं वाटलं म्हणून सांगू.

पंधराव्या दिवशी, शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुटीच्या दिवशी, यांनी पाहिलं तर सिलिंडरचा काटा शून्यावर आणि बिअर काढ्यासारखी, बिनफेसाची. नेमके त्याच दुपारी सावंत भावजी जेवायला आले होते. कुडाळचे, एसीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. मुक्ताला ताप आला की आपल्या पिकअपमधून आम्हाला हॉस्पिटलात नेणारा तिथला एवढाच आपला माणूस. सिलिंडर त्यांनीच भरून आणला होता.

यांनी प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा येईल तर शपथ.

"गळती नाही. म्हणजे भरतानाच कमी भरला असणार," हे म्हणाले.

"माझ्या डोळ्यांदेखत भरून हाडलंय," भावजींचा घास हातातच राहिला. "तू माका लबाड म्हणतंस?"

"तुला नाही रे. पण गॅस गेला कुठे?"

"म्हणजे माकाच." भावजींनी ताट सरकवलं आणि उठून चपला शोधायला लागले. "वैनी, येतंय मी."

भावजी पुन्हा कधी येणार नाहीत, हे मला त्यांच्या पाठीवरूनच कळलं.

"भावजी, थांबा. कडी मी ओढली होती." मी म्हटलं. "एकदाच हं. लेकराच्या काळजीनं."

यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सिलिंडरकडे, आणि पुन्हा भावजींकडे. "एकदा ओढून एवढा सिलिंडर रिकामा होत नाही."

झालं. माझ्या अर्ध्या कबुलीनं संशय परत बिचाऱ्या भावजींच्या गळ्यात. एका पायात चप्पल घालून ते दारात उभे, आणि मी खाली मान घालून ताटातला भात चिवडत बसले.

तेवढ्यात मुक्तानं तोंडातला माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"नो आई, एव्हरी डे. अँड फ्रायडे टू टाइम्स, बाबा आंघोळीला जातात तेव्हा."