हात कुठं असायचा त्यांचा?

"हात कुठं असायचा त्यांचा?"

घरातलं माणूस गेलेलं, समोरच्याचे डोळे सुजलेले, आणि पेंटर पहिला प्रश्न हा विचारायचे. माझं भोरला एसटी स्टँडाजवळ फ्लेक्सचं दुकान आहे. दहाव्याच्या फ्लेक्सवर फोटोखाली काव्याच्या ओळी लागतात, त्या पेंटर लिहून द्यायचे. तुम्हीही चौकाचौकात वाचल्या असतील तसल्या ओळी. तुमच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली, वगैरे. पेंटरांना त्या पोकळीचा भयंकर राग होता.

पूर्वी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि त्यांचे ब्रश वाळले, पण नाव पेंटरच राहिलं. वेल्ह्याहून एसटीनं यायचे, नसरापूरला गाडी बदलून. खांद्याला पिशवी, पिशवीत एक लांबट वही.

एकदा एक जण आईचा फोटो घेऊन आला. म्हणाला, "देवमाणूस व्हती आमची आई."

"ते सगळ्यांचीच असती," पेंटर म्हणाले. "हात सांगा. हात कुठं असायचा त्यांचा?"

त्यानं फोटो पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाला, "दाराला. मांजर येतंय म्हणून रोज अर्धं उघडं ठिवायची."

पेंटर स्टुलावर डोळे मिटून बसले. तासभर मशीन बंद, गिऱ्हाईक खोळंबलेलं, माझी चिडचिड. शेवटी दोनच ओळी आल्या:

मांजरासाठी ठेवायचीस दार अर्धं उघडं,
आई, आज वाऱ्यानं तेच हललं एवढं.

"पेंटर, चार ओळींची ऑर्डर आहे," मी म्हणालो.

"दोनात मावली की आई."

मुलगा भिंतीकडे तोंड करून रडला. त्या दिवशी पेंटरांनी दोन प्लेट भजी खाल्ली. लिहून झालं की त्यांना अशी भूक लागायची. काही सुचलं नाही तर मात्र तोंड उतरायचं, "आज शिजंना" म्हणत चहासुद्धा नको म्हणायचे. वहीच्या मागच्या पानांवर त्यांच्या स्वतःच्या कविता असत, सगळ्या लिहिण्यावरच. त्या फक्त मला वाचून दाखवायचे. मी निम्म्या ऐकायचो, निम्म्या मोबाईल बघत.

गडबड सुरू झाली ती त्यांच्या चोखपणामुळे. रडणाऱ्या माणसाला गेलेल्याचे हात आठवत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. "जित्तेपणीच बघाया पायजे," ते म्हणाले. मग बाजारात, एसटीत, देवळाच्या पायरीवर ते लोकांचे हात न्याहाळू लागले. वहीत ज्याचं त्याचं एक पान. वर नाव, खाली हाताची सवय, जमलं तर दोन ओळी.

"यमाची वही घेऊन फिरता की काय, पेंटर!" मी चारचौघांत हसून म्हणालो. हे नाव मी ठेवलं, दुसऱ्या कुणी नाही.

पुढचंही मीच केलं. एका गिऱ्हाइकाला मजकूर पसंतीला पाठवायचा होता. टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून वहीच्या पानाचा फोटो काढून धाडून दिला. फोटोत शेजारचं पानही आलं. त्यावर कामथडीच्या आप्पांचं नाव होतं, आणि आप्पा धडधाकट होते.

बांधावर उभे राहून कपाळी धरायचे हात,
आप्पा, कोणाची वाट होती त्या उन्हात?

दुपारपर्यंत तो फोटो गावागावांच्या ग्रुपवर फिरला. आप्पा दिलदार माणूस. दुकानात येऊन पेंटरांना म्हणाले, "झ्याक लिवलंय. पर घाई करू नगा."

आठव्या दिवशी आप्पा त्याच बांधावर भर उन्हात पडले ते उठलेच नाहीत.

पेंटरानं लिहिलं आणि आप्पा गेले, असं लोक बोलू लागले. पेंटरानंच पान मुद्दाम फिरवलं, असंही म्हणू लागले. माझ्या दुकानात, माझ्या तोंडावर म्हणाले. मी मान खाली घालून मशीन पुसत राहिलो.

त्यानंतर पेंटर बाजारातून चालले की लोक खिशात हात घालायचे. बायका पदराखाली घ्यायच्या. चहावाला कप टेबलावर ठेवून मागे सरायचा. आधी मला गंमत वाटली. एके दिवशी अख्ख्या एसटीत एकाचाही हात दिसेना, असं पेंटर सांगत होते तेव्हा ती गंमत संपली.

मग एक जण दुकानात आला आणि हळूच म्हणाला, "पेंटर, आमच्या चुलत्याचं पान घ्या की वहीत. वाटणी लई दिस अडलीय."

पेंटरांनी वही पिशवीत घातली. ती पुन्हा माझ्यासमोर उघडली नाही. तरी ते येत राहिले, स्टुलावर बसत राहिले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"निदान मागच्या पानांवर तरी लिहा," मी म्हणालो.

"पेन काढलं की समोरचा हात लपवतोय. कुणाकडं बघून लिवू?"

मला राहवलं नाही. "माझं पान आहे का वहीत?"

"हाय," ते म्हणाले आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले.

यंदा पेंटर गेले. झोपेतच. त्यांच्या पत्नी फोटो आणि ती वही घेऊन आल्या. फ्लेक्सवर काय घालायचं, मी विचारलं. त्यांनी माझ्याकडेच बघितलं. "तुमच्याकडंच बसायचं की रोज. हात कुठं असायचा त्यांचा, तुमीच सांगा."

मांड्यांखाली, हे मला सांगवेना. मी मागच्या पानांतल्या दोन ओळी घेतल्या:

शब्द आला की उजेड पडतो दारात,
नाही आला की मीच नसतो घरात.

बाई निघून गेल्यावर मी वहीत माझं पान शोधलं. वर नाव होतं. खाली लिहिलं होतं: 'फ्लेक्सच्या सुरकुत्या काढताना मेलेल्याच्या कपाळावरून हात फिरवतो.' त्याखाली, बारीक अक्षरात: 'मोबाईलचं लिवायचं न्हाई.'

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं, पानाचा फोटो कुणी धाडला तेही. तरी ते येऊन माझ्याच स्टुलावर बसत होते.

मशीनमधून पेंटरांचा फ्लेक्स बाहेर आला. मी तो टेबलावर पसरला, सुरकुती काढली. माझा हात त्यांच्या कपाळावर होता. दुकानात कुणी नव्हतं, तरी मी तो झटकन खिशात घातला.